मोबाइलचा आकडा आणि कानाची साक्ष

म्हसावदला यायचं ठरलं तेव्हा संयोजकांनी विचारलं, "सर, विषय तत्त्वज्ञानाचाच ना?" आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञानाचाच, फक्त उदाहरण मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपचं असेल. इथे साउंड सिस्टीमचा धंदा करणारी चार-पाच मुलं मागे बसलेली दिसतात. त्यांनी पुढे यावं. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि आम्ही त्यांच्या विरोधात बोलणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात याच तालुक्यात आम्ही एका लग्नाला होतो. वरातीत डीजेची गाडी होती. बेसच्या ठोक्यावर घरांची पत्र्याची दारं थरथरत होती. आम्ही ऑपरेटरला म्हणालो, "बेटा, जरा कमी कर." त्याने मोबाइल पुढे धरला. "बाबा, हे बघा, ब्याऐंशी. शंभरच्या आत आहे." तेवढ्यात नवरीच्या मामांनी आपला मोबाइल काढला, तर त्यावर शहाण्णव! जागा एक, क्षण एक, आणि आकड्यात चौदा डेसिबलचा फरक. दोघं भांडायला लागले. आवाज काही कमी झाला नाही. आमच्या कानात पुढे दोन दिवस शिट्टी वाजत राहिली.

आमची तक्रार आवाजाबद्दल आहेच. पण त्याहून मोठी तक्रार त्या भांडणाच्या पद्धतीबद्दल आहे. दोघांनीही आकडा दाखवला, पण हा आकडा खरा कशावरून, हे एकानेही विचारलं नाही.

आपल्या परंपरेत हा वाद फार जुना आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः असतं. दोष दिसेपर्यंत ते खरं धरून चालावं. नैयायिक म्हणतात, तसं नाही. ज्ञान खरं आहे की नाही, हे दुसऱ्या कशाने तरी पडताळावं लागतं. रोजच्या व्यवहारात आपण सगळे मीमांसक असतो, आणि ते बरोबरही आहे. घड्याळ बघताना कोणी पुरावा मागत नाही. पण मोजमापाच्या बाबतीत मात्र नैयायिक व्हावं लागतं. ध्वनिमापक वापरणारा जाणकार माणूस मोजणीच्या आधी माइकवर कॅलिब्रेटर बसवतो. ते छोटं यंत्र १००० हर्ट्झचा, बहुधा ९४ डेसिबलचा ठरावीक सूर देतं. मापकाने ९४ दाखवले, तर पुढचं बोलायचं. याला परतःप्रामाण्य म्हणायला हरकत नाही. वरातीतल्या दोन्ही मोबाइलना असा सूर कधी कोणी ऐकवला होता का?

मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. वाऱ्याची घरघर फोनवर जाऊ नये म्हणून बऱ्याच मोबाइलमध्ये खालचे सूर मुद्दाम कापले जातात. शिवाय आवाज फार मोठा झाला की माइक आणि त्यामागचं सर्किट आपल्या मर्यादेला जाऊन टेकतं. खरा आवाज वाढत जातो, आकडा मात्र तिथेच अडकतो. म्हणजे ही चूक तटस्थ नाही. आवाज जितका घातक, तितका मोबाइल तो कमी सांगण्याची शक्यता जास्त. त्या ऑपरेटरचा ब्याऐंशी असाही आला असेल. त्याने लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. त्याचं यंत्रच त्याच्या सोयीचं बोलत होतं, आणि सोयीचं बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करत नाही.

अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेतील चुक्री कार्डूस आणि पीटर शॉ यांनी २०१४ मध्ये १९२ ॲप तपासायला घेतली. त्यांच्या निकषांत आयफोनची फक्त १० आणि अँड्रॉइडची ४ बसली. अँड्रॉइडमध्ये अडचण अशी की कंपन्या अनेक, मॉडेलं अनेक, माइकही वेगवेगळे. त्यामुळे एकच ॲप दोन मोबाइलवर दोन आकडे देऊ शकतं. त्याच संस्थेने पुढे स्वतःचं ॲप काढलं, तेही आयफोनसाठी. आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड असतो, हे इथे लक्षात घ्या.

कोणी म्हणेल, "सर, मी तीन ॲप टाकलेत, तिन्हींत सारखाच आकडा येतो." यावर व्हिट्गेन्श्टाइनचा एक दृष्टांत आहे. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी खरी आहे का, हे बघायला एक माणूस त्याच अंकाच्या आणखी प्रती विकत घेतो. तीन ॲपचं तसंच आहे. माइक एकच, म्हणजे साक्षीदारही एकच. फक्त तो तीन तोंडांनी बोलतो.

आता बेसकडे येऊ. कायद्यातला आकडा डीबी-ए मध्ये असतो. हे 'ए' वजन माणसाच्या कानाच्या स्वभावावरून आलं. आपल्या कानाला हळू आवाजातले खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मोजताना ते कमी धरायचे. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा होतात. म्हणजे त्या सुराचा बेस १०० डेसिबलने वाजला तर 'ए'च्या हिशोबात तो ७४ भरतो! ज्या ठोक्याने दारं थरथरतात, तो आकड्यात जेमतेम दिसतो. त्यात मोबाइलने खालचे सूर आधीच कापले असतील, तर मोजणारा दोनदा आंधळा झाला. म्हणून ॲपमध्ये 'सी' वजन असेल तर तेही पाहा. ते खालचे सूर जवळजवळ पूर्ण मोजतं. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा खूप वर असेल तर बेस जास्त आहे, असं समजावं. फरक कमी दिसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण माइकने काय कापलं ते आपल्याला दिसत नाही.

मग ॲप फेकून द्यायचं का? मुळीच नाही. त्याला त्याच्या लायकीचं काम द्यायचं. माइक शिट्टी मारायला लागला की स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपवर एक टोक वर येतं. त्याची उंची चुकीची असेल, पण ते कोणत्या हर्ट्झवर आहे ते सहसा बरोबर असतं. इक्वलायझरवर तोच सूर खाली घ्या. तसंच, मांडवाच्या पहिल्या रांगेत आणि शेवटच्या रांगेत किती फरक आहे, काल आणि आज किती, हे एकाच मोबाइलने, कव्हर काढून, बेताच्या आवाजात बऱ्यापैकी कळतं. मोबाइल तुलना करू शकतो. निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही. तालुक्यातल्या साउंडवाल्यांनी मिळून एक साधा पण प्रमाणित ध्वनिमापक आणि कॅलिब्रेटर घेतला, आणि आपापला मोबाइल त्याच्या शेजारी ठेवून फरक लिहून ठेवला, तरी पुष्कळ झालं.

निवाड्याबद्दल आम्ही एवढा आग्रह का धरतो? ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे त्या मुलाचा ब्याऐंशी खरा असता, तरी तो 'आत' नव्हताच. शंभरची मर्यादा त्याने कुठून आणली? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० हा आकडा दिला, पण तो ऐकायला स्वतःहून आलेल्यांसाठी. गल्लीत झोपलेल्या बाळासाठी नव्हे.

आणि उलट बाजूही आहे. उद्या कोणी मामांचा शहाण्णव दाखवून या मुलाची गाडी जप्त करा म्हणाला, तर आम्ही मुलाच्या बाजूने उभे राहू. कर्ज काढून घेतलेले बॉक्स न तपासलेल्या माइकच्या साक्षीवर जाऊ नयेत. पुण्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षे गणेश विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात. त्या आकड्यांना वजन आलं ते दरवर्षी, ठरलेल्या चौकांत मोजल्यामुळे.

शेवटी ऑपरेटर मुलांसाठी एक हिशोब. नायोशच्या मते रोज ८५ डीबी-ए आठ तास, ही कामगाराच्या कानाची मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. मोबाइल सहाने कमी दाखवत असेल, तर एका तासाचा आवाज तुम्ही चार तासांचा समजून घेता. पाहुणे रात्री घरी जातात. तुम्ही अख्खा लग्नसराईचा हंगाम त्या बॉक्सशेजारी असता. होळीला ढोल वाजवणाऱ्याचा हात थकतो, तो थांबतो. ॲम्प्लिफायर थकत नाही. म्हणून कधी थांबायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल. रात्री घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर मोबाइलवर काहीही दिसलेलं असो, आवाज जास्त होता. या साक्षीत एकच उणीव आहे, ती नुकसान झाल्यावर मिळते.

आता प्रश्न घेऊ. मागच्या मुलांनी आधी विचारावं.