समुद्रकिनाऱ्यावरील कचरा, कला आणि हास्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरणविषयक प्रबोधनाची भाषा सामान्यतः भीतीची किंवा उपदेशाची असते. मृत पक्षी, गळ्यात जाळे अडकलेले कासव, फेसाळ काळे पाणी ही तिची ठरलेली चित्रे. या भाषेने जाणीव निर्माण केली हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्या पुनरावृत्तीने प्रेक्षकाची संवेदना बोथट होते, हाही अनुभव आहे. या पार्श्वभूमीवर गेल्या पाव शतकात एक वेगळी वाट रूढ झाली. किनाऱ्यावर वाहून आलेला कचरा स्वतः वेचायचा, त्यातून कलाकृती घडवायची आणि हसतखेळत समाजाला आरसा दाखवायचा, असे तिचे स्वरूप आहे. हास्याच्या आधारे केलेले हे प्रबोधन प्रश्नाचे गांभीर्य वाढवते की कमी करते, याचा विचार प्रस्तुत लेखात काही निवडक उदाहरणांच्या आधारे केला आहे.

वेचण्याची क्रिया आणि तिचे कलात्मक रूप

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पॉइंट रेज या राष्ट्रीय संरक्षित किनारपट्टीवर किहो नावाचा समुद्रकिनारा आहे. रिचर्ड लँग आणि ज्युडिथ सेल्बी लँग हे कलावंत दांपत्य 1999 पासून या एकाच किनाऱ्याच्या सुमारे हजार यार्ड लांबीच्या पट्ट्यातून प्लॅस्टिक वेचत आले आहे. त्यांनी गोळा केलेल्या वस्तूंचे वजन दोन टनांहून अधिक भरते. हा कचरा बहुतांशी फिरायला आलेल्यांनी टाकलेला नसून लाटांनी आणून सोडलेला असतो, ही बाब महत्त्वाची आहे. वेचलेल्या वस्तू धुऊन त्यांची रंग व प्रकार यांनुसार वर्गवारी केली जाते. मग त्या नेटकेपणाने मांडून त्यांची छायाचित्रे घेतली जातात किंवा त्यांपासून शिल्पे व दागिने घडवले जातात. केस कुरळे करण्याच्या नळ्या, लायटर, खेळण्यातील सैनिक, सिगारची टोके, चीज पसरण्याच्या चिमुकल्या लाल काड्या अशी ही सामग्री आहे.

या पद्धतीत पुरातत्त्वज्ञाच्या शिस्तीचे अनुकरण दिसते. उत्खननात सापडलेली खापरे ज्या गांभीर्याने मांडली जातात, त्याच गांभीर्याने चीज पसरण्याची काडी मांडली जाते. मांडणीची प्रतिष्ठा आणि वस्तूची क्षुद्रता यांतील विसंगती हे येथील हास्याचे पहिले उगमस्थान होय. दुसरे उगमस्थान प्रमाणाच्या विसंगतीत आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेना जँबेक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, एकट्या 2010 या वर्षात 48 लाख ते 127 लाख टन प्लॅस्टिक जमिनीवरून समुद्रात गेले. त्यापुढे दोन माणसांनी एवढ्या वर्षांत उचललेले दोन टन म्हणजे काय? समुद्राची कड झाडू पाहणारी ही दोन माणसे सकृद्दर्शनी हास्यास्पदच ठरतात. त्यांच्या कलेची प्रामाणिकता अशी की हे हास्यास्पदत्व ती लपवत नाही. आपण समुद्र स्वच्छ केला असा दावा या कलाकृती करीत नाहीत. समुद्राने काय परत केले, एवढेच त्या दाखवतात.

बीभत्साकडून हास्याकडे

भरताच्या रसविचारात शृंगारापासून हास्य आणि बीभत्सापासून भयानक उद्भवतो, असे मानले आहे. कचरा हा स्वभावतः बीभत्साचा विभाव आहे. म्हणूनच पर्यावरणविषयक प्रचार कचऱ्याचे दर्शन घडवून भयाकडे जातो, हे भरताच्या क्रमाला धरूनच आहे. लँग दांपत्याने हा क्रम मोडला. धुण्याने, निवडण्याने आणि रंगसंगतीने ते कचऱ्यातील बीभत्स काढून टाकतात. त्या जागी प्रथम शृंगाराला उचित असे सौंदर्य आणतात आणि मग त्या सौंदर्याचे मूळ उघड करून हास्य निर्माण करतात. त्यांच्या विवाहाच्या वेळी ज्युडिथ यांनी पांढऱ्या प्लॅस्टिकपासून केलेला वधूवेष हे याचे उत्तम उदाहरण होय. अस्थानी वेष आणि अस्थानी अलंकार हे भरताने सांगितलेले हास्याचे विभाव त्या वेषात जसेच्या तसे उपस्थित आहेत. हे हास्य गडगडाटाचे नाही. भरताच्या परिभाषेत ते स्मित व हसित यांच्या मर्यादेत राहते.

या क्रमाचा एक महत्त्वाचा परिणाम होतो. बीभत्सापुढे प्रेक्षक नजर वळवतो, तर सौंदर्यापुढे तो जवळ जातो. जवळ गेल्यावर त्याला समोरची वस्तू ओळखू येते. दातांचा ब्रश, कंगवा, बाटलीचे झाकण आपल्याही घरात आहे, हे त्याच्या ध्यानी येते. हसू फुटते ते या ओळखीच्या क्षणी. त्यात आपण पकडले गेल्याची जाणीवही मिसळलेली असते.

अँजेला हेझलटाइन पॉझी या कलाशिक्षिकेने 2010 मध्ये ऑरेगन राज्यातील बँडन येथे सुरू केलेल्या ‘वॉश्ड अशोअर’ या उपक्रमातही हीच प्रक्रिया सामूहिक पातळीवर घडते. स्वयंसेवक किनाऱ्यावरचे प्लॅस्टिक आणतात, धुतात, रंगांनुसार लावतात आणि त्यातून मासे, पक्षी व अन्य सागरी जीवांची महाकाय शिल्पे उभी राहतात. 2016 मध्ये ही शिल्पे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मांडण्यात आली होती. ज्या जीवाला कचरा मारतो, त्याचेच शरीर त्या कचऱ्याने घडवणे हा मूलतः कठोर उपरोध आहे. मात्र शिल्पांचे मोहक रंग आणि बालसुलभ रूप यांमुळे हा उपरोध पुष्कळदा सौम्य होतो. मुले शिल्पाशेजारी उभी राहून छायाचित्र काढून घेतात, तेव्हा त्यांनी मासा पाहिला की त्याचे मरण पाहिले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

करुणाचा मार्ग आणि त्याचा दुरुपयोग

याच विषयावरील करुणरसाची वाट ख्रिस जॉर्डन या छायाचित्रकाराने चोखाळली. 2009 मध्ये त्याने प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर मेलेल्या अल्बट्रॉस पिल्लांची छायाचित्रे घेतली. कुजलेल्या देहाच्या मध्यभागी पोटातील रंगीत झाकणे व तुकडे जसेच्या तसे उरलेले त्यांत दिसतात. तेथील एकही तुकडा जागचा हलवायचा नाही, हे त्याने स्वतःवर घातलेले बंधन होते. लँग दांपत्याच्या मांडणीशी तुलना करता हे अमांडणीचे सौंदर्यशास्त्र म्हणावे लागेल. येथे हास्याला जागा नाही आणि तसे हास्य औचित्याचेही ठरले नसते. मृत्यू जेथे प्रत्यक्ष समोर आहे तेथे करुण आणि जेथे केवळ वस्तू उरली आहे तेथे हास्य, असा औचित्यविवेक या दोन उदाहरणांतून हाती लागतो.

तथापि करुणरस स्वभावतःच अधिक प्रामाणिक असतो, असे मानणे योग्य होणार नाही. 1971 मध्ये ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या संस्थेने प्रसृत केलेल्या जाहिरातीत कचरा पाहून अश्रू ढाळणारा मूलनिवासी पुरुष दाखवला होता. ती भूमिका करणारा नट प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता. 1953 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेमागे पेय व वेष्टन उद्योगातील कंपन्याही होत्या. एकदाच वापरून फेकायची वेष्टने बनवणारे आणि कचऱ्याबद्दल नागरिकाला अपराधी ठरवणारे असे एकाच बाजूला उभे होते. त्या अश्रूंनी प्रेक्षकाचे लक्ष उत्पादकाकडून व्यक्तीकडे वळवले. रस कोणताही असो, त्याचा रोख कोणावर आहे, हा निकष म्हणूनच अनिवार्य ठरतो.

हास्याचे लक्ष्य

या निकषावर ‘द मॅजेस्टिक प्लॅस्टिक बॅग’ हा 2010 मधील लघुपट तपासण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातील ‘हील द बे’ या संस्थेने तो काढला. वन्यजीवनावरील माहितीपटाची नक्कल करणाऱ्या या चित्रफितीत एका प्लॅस्टिक पिशवीचा बाजारापासून महासागरापर्यंतचा प्रवास दाखवला आहे. जेरेमी आयर्न्स या नटाच्या भारदस्त निवेदनातून पिशवी हा जणू एक दुर्मिळ प्राणी बनतो आणि एक छोटे पाळीव कुत्रे त्याचा हिंस्र शत्रू ठरते. निवेदकाचा स्वर शेवटपर्यंत ढळत नाही, हे या विडंबनाचे बलस्थान होय. पिशवी नष्ट होत नाही, हे भयावह सत्य येथे तिच्या विजयगाथेच्या रूपात सांगितले जाते.

या हास्याला निश्चित राजकीय संदर्भ होता. त्या वर्षी राज्यात पिशवीबंदीचे विधेयक चर्चेत होते. ते फेटाळले गेले. पुढे 2014 मध्ये बंदीचा कायदा झाला आणि 2016 च्या सार्वमतात मतदारांनी तो कायम ठेवला. त्यातही जाड पिशव्यांची पळवाट राहिली. ती बंद करणारा कायदा 2024 मध्ये मंजूर झाला. एका लघुपटामुळे हे सारे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु हास्य जेव्हा कायद्याच्या मागणीला जोडलेले असते, तेव्हा ते केवळ करमणूक राहत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

झाडू आणि कीर्तन

वेचणे आणि हसवणे यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. गाडगेबाबा (1876–1956) गावात आल्यावर प्रथम हाती झाडू घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत ते त्यांच्याच तोंडून त्यांच्या अंधश्रद्धांची आणि कर्जबाजारीपणाची कबुली घेत. श्रोते हसत ते स्वतःलाच. येथे श्रम आधी आणि विनोद नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्याने दिवसभर गाव झाडला त्यालाच गावाला हसण्याचा अधिकार पोचतो. लँग दांपत्याच्या कलेलाही नैतिक बळ मिळते ते वर्षानुवर्षे वाकून वेचण्यामुळे.

मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. गाडगेबाबांच्या पुढ्यात कचरा करणारा समाज प्रत्यक्ष बसलेला असे. किहोच्या किनाऱ्यावर वस्तू टाकणारा हात आणि ती उचलणारा हात यांत अख्खा महासागर पसरलेला आहे. तुटलेले हे नाते कलाकृती वस्तूच्या ओळखीतून पुन्हा जोडू पाहते.

दुसरा भेद अधिक अस्वस्थ करणारा आहे. पाश्चात्त्य कलावंतासाठी कचरा वेचणे ही स्वेच्छेने स्वीकारलेली, म्हणून काहीशी गंमतीची कृती असते. भारतीय समाजात मात्र हे काम जातीने आणि दारिद्र्याने ठरावीक माणसांवर, विशेषतः स्त्रियांवर, लादलेले आहे. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीला हे काम करणाऱ्यांची ‘कामगार’ ही ओळख मिळवण्यासाठीच संघर्ष करावा लागला. मुंबईत वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर 2015 मध्ये स्वच्छता सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2016 मध्ये त्यांचा गौरव केला. तो गौरव सर्वथा उचित होता. परंतु सुशिक्षिताने वाकून उचललेला कचरा बातमी होतो आणि कचरावेचक स्त्रीने रोज उचललेला कचरा अदृश्य राहतो, या विषमतेचे भान आपल्याकडील अशा कलेला ठेवावेच लागेल. ते नसेल तर पाश्चात्त्य नमुन्याचे अनुकरण करणारा विनोद नकळत कष्टकऱ्यालाच हसू लागेल.

मर्यादा

या कलाव्यवहाराची मुख्य मर्यादा त्याच्या यशातच दडलेली आहे. कचरा सुंदर दिसू लागला की त्याविषयीचा संताप मावळतो. गेयर, जँबेक आणि लॉ यांच्या 2017 मधील अभ्यासाप्रमाणे 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लॅस्टिक निर्माण झाले आणि प्लॅस्टिकच्या एकूण कचऱ्यापैकी केवळ 9 टक्क्यांच्या आसपास पुनर्वापर प्रक्रियेत गेला. अशा स्थितीत टाकाऊतून टिकाऊ हा संदेश फसवा समाधान देऊ शकतो. शाळा-महाविद्यालयांत या धर्तीवर भरणाऱ्या प्रदर्शनांत बाटल्यांच्या फुलदाण्यांना बक्षिसे मिळतात, पण बाटली मुळात आली कोठून हा प्रश्न विचारला जात नाही. कधीकधी तर प्रदर्शनासाठी नव्या बाटल्या विकत आणल्या जातात. हास्य येथेही उत्पन्न होते, पण ते कलाकृतीच्या बाजूचे नसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की कचऱ्याच्या कलेतील हास्य हे गांभीर्याच्या विरोधी नाही. प्रेक्षकाला जवळ आणणे, वस्तूची ओळख पटवणे आणि त्याला स्वतःकडे पाहायला लावणे ही तीन कार्ये ते भयापेक्षा अधिक चांगली करते. परंतु त्याच्या सार्थकतेला तीन अटी आहेत. हसवणाऱ्याने आधी वेचण्याचे श्रम केलेले असावेत, हास्याचा रोख व्यक्तीपाशी न थांबता उत्पादनव्यवस्थेपर्यंत पोचावा आणि पोटासाठी कचरा वेचणारी माणसे त्या हास्याचा विषय होऊ नयेत. या अटी न पाळणारी कलाकृती केवळ नीटनेटका लावलेला कचरा ठरते. त्या पाळणाऱ्या कलाकृतीपुढे उभा राहिलेला प्रेक्षक हसून झाल्यावर आपल्या हातातील बाटलीकडे पाहतो आणि ती बनवणाऱ्याला जाब विचारावा असे त्याला वाटू लागते. प्रबोधन या शब्दाला अभिप्रेत असलेली जाग ती हीच होय.