चिनी निसर्गचित्रांतील मनुष्य

चिनी निसर्गचित्रांस त्या भाषेंत ‘शान-श्वै’, म्हणजे डोंगर-पाणी, असें नांव आहे. त्यांत निसर्ग सर्वस्व असून मनुष्य नगण्य, असें मत वारंवार प्रतिपादिलें जातें. तें एका अस्सल साधनावर घांसून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयांत फान क्वान याचा ‘डोंगर-ओढ्यांतील प्रवासी’ हा पट आहे. तो इ. स. १००० च्या सुमाराचा, रेशमावर शाईनें व फिक्या रंगांनीं काढलेला असून उंची सुमारें २०६ व रुंदी १०३ सेंटिमीटर भरते. वरचा बहुतेक भाग एका प्रचंड कड्यानें व्यापिला आहे. उजव्या कपारींतून धबधब्याची बारीक रेघ उतरते. पायथ्याशीं धुकें आहे. खालीं उजवीकडे ओझीं लादलेलीं खेचरें व त्यांस हांकणारे दोन मनुष्य. इतके लहान कीं प्रथम ते दृष्टीसहि पडत नाहींत.

परंतु तेवढ्यावरून ते गौण ठरत नाहींत. त्यांस बोटानें झांकून पाहावें, म्हणजे कड्याची उंची मोजण्याचें मापच हरवतें. शिवाय हे दोघे डोंगराकडे पाहात उभे नाहींत. आपल्या कामास चालले आहेत. पुढें दक्षिण सुंग काळांत मा युआन याच्या ‘वसंतांत डोंगरवाटेनें’ या चित्रांत विद्वान् गृहस्थ आकारानें मोठा झाला, मागें वाद्य घेऊन सेवक आला. पण पर्वत फिका पडून अर्धेंअधिक पान रिकामें राहिलें. तेथें निसर्ग हा रसिकाच्या अवलोकनाचा विषय आहे. फान क्वानच्या पटांत तो राबत्या माणसाची वाट आहे. तेव्हां आकारावरून महत्त्व ठरविणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.

पटाच्या माथ्यावर तुंग छी-छांग (१५५५–१६३६) याचा कर्तृत्वनिर्देश आहे. खुद्द चित्रावरील नांव मात्र नजरेंतून निसटलें होतें. १९५८ सालीं ली लिन-त्सान यांस ‘फान क्वान’ हीं अक्षरें आढळलीं, तीं याच खेचरांच्या मागील पानांच्या दाटींत. ‘क्वान’ हें टोपणनांव असल्यानें सहीविषयीं शंका घेणारेहि आहेत. तो वाद कसाहि सुटो. जो कोपरा नगण्य म्हणून दृष्टीनें ओलांडावा, तेथेंच पटाचा सर्वांत मोलाचा पुरावा दडलेला होता. पोथीचा समाप्तिलेख न वाचतां तिचा काल सांगूं नये, हें जाणणाऱ्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे.