व्यवसाय : पत्नी

न्यायालयात दस्तऐवज पुढे आला म्हणजे वकिलाचा पहिला प्रश्न असतो : हा लिहिला कोणी, आणि कोणाला काय विचारून लिहिला? आकडेवारी हाही एक दस्तऐवजच होय. परंतु तिची अशी उलटतपासणी क्वचितच होते. ‘स्त्रिया पूर्वी घरी असत, आता त्या कामाला बाहेर पडल्या’ हे वाक्य आपण सभासंमेलनांतून इतक्यांदा ऐकतो की, त्यास पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेपुरता तो पुरावा मागण्याचे आणि तपासण्याचे काम हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन यांनी केले, व त्याबद्दल २०२३ साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० साली प्रसिद्ध झालेला ‘अंडरस्टँडिंग द जेंडर गॅप’ आणि २०२१ सालचा ‘करिअर अँड फॅमिली’ हे त्यांचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता जे गुणदोष जाणवतात, ते येथे मांडावयाचे आहेत.

पहिल्या ग्रंथाचे मोल त्यातील पुराव्याच्या छाननीत आहे. जुन्या खानेसुमारीत विवाहित स्त्रीच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘पत्नी’ एवढेच लिहिलेले असे, किंवा तो रकाना रिकामाच राही. नवऱ्याच्या शेतावर राबणारी, घरी भाडेकरू ठेवून त्यांचे जेवणखाण पाहणारी, घरबसल्या कारखान्याचे काम करणारी स्त्री त्या रकान्यात कोठेच दिसत नाही. गोल्डिनबाईंनी औद्योगिक नोंदी व वेळेच्या वापराच्या पाहण्या धुंडाळल्या, फिलाडेल्फियासारख्या शहरांच्या नावपत्त्यांच्या जुन्या पुस्तिका चाळून कुटुंबप्रमुख विधवांचे धंदे शोधून काढले, आणि हिशेब नव्याने मांडला. तेव्हा असे आढळले की, १८९० च्या सुमारास काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे खरे प्रमाण सरकारी आकड्याच्या जवळजवळ तिप्पट होते.

या दुरुस्तीने सारे चित्रच पालटते. स्त्रियांच्या कामाची रेषा दोनशे वर्षांत एकसारखी चढत गेलेली नाही. ती प्रथम उतरली आणि मग चढली. शेती व घरगुती उद्योग यांच्या काळात घर आणि कामाची जागा एकच होती. कारखाने आले, काम घराबाहेर गेले, आणि विवाहित स्त्री त्यापासून तुटली. बायकोला गिरणीत पाठविणे हे नवऱ्याच्या कर्तबगारीला कमीपणा आणणारे मानले जाई, हेही त्याचे एक कारण होते. विसाव्या शतकात माध्यमिक शिक्षण पसरले, कचेऱ्यांतील कामे वाढली, तेव्हा रेषा पुन्हा वर वळली.

हा चढही सुखाचा नव्हता. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेतील बहुसंख्य शाळा विवाहित शिक्षिका नेमीत नसत, आणि नोकरीत असताना लग्न करणारीला पुष्कळ ठिकाणी घरी पाठवीत. असा निर्बंध आपल्याकडे नव्हता असे कोणी समजू नये. मुंबईच्या एका औषधी कंपनीत अविवाहित कामगार स्त्रीने लग्न करताच तिची नोकरी संपावी असा नियम होता. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. विवाहित स्त्रिया वारंवार गैरहजर राहतात, हा मालकांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने दाखवून दिले की, खरा फरक पडतो तो बाळंतपणाच्या रजेपुरता, आणि त्यासाठी काही राखीव कामगार ठेवले म्हणजे भागते. गोल्डिनबाईंच्या अनेक पानांचे सार या निकालातील थोड्या ओळींत सापडते.

दुसरा ग्रंथ अधिक वाचनीय आहे आणि अधिक मर्यादितही. त्यात शंभर वर्षांतील पदवीधर स्त्रियांच्या पाच पिढ्या मांडल्या आहेत. पहिलीला संसार किंवा कार्य यांपैकी एकच निवडावे लागले. शेवटची दोन्ही एकदम साधू पाहते, आणि तरीही मिळकतीत मागे पडते. याचे कारण बाई नियोक्त्याच्या द्वेषात शोधीत नाहीत. काही कामे अधाशी असतात, असे त्या म्हणतात. रात्री-बेरात्री, सुटीच्या दिवशी जो हजर राहील त्याला ती दुप्पट तासांबद्दल दुपटीहून अधिक देतात. घरी मूल असले म्हणजे दोघांपैकी एकाला हाताशी राहावे लागते, आणि ती बहुधा आईच असते. उलट औषधविक्रेत्याच्या धंद्यात एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो. म्हणून तेथे स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर थोडे. अधाशी धंद्याचे उदाहरण म्हणून बाईंनी वकिलीच घेतली आहे, आणि ते या पेशातील कोणालाही नाकारता येणार नाही. अशील संध्याकाळी सातनंतर येतो, आणि सकाळच्या तारखेची तयारी रात्री होते. वकिलाचे घर तेवढ्या वेळात कोण सांभाळते, हे कोणत्याही वकीलपत्रात लिहिलेले नसते.

परंतु येथेच आक्षेप उपस्थित होतो. पहिल्या ग्रंथात जी बाई रिकाम्या रकान्यातून शोधून काढली, ती दुसऱ्या ग्रंथात पुन्हा हरवली. जिच्याजवळ पदवी नाही, जिचे काम शेतात, कारखान्याच्या खालच्या पायरीवर वा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आहे, तिच्यासाठी या पाच पिढ्यांत जागा नाही. दुसरा आक्षेप पुरुषांविषयी आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. १९९९ मध्ये ते ६० पर्यंत चढले व पुढे थोडे उतरले. त्याच काळात पुरुषांचे प्रमाण सुमारे ८७ वरून २०२३ पर्यंत ६८ च्या आसपास आले. लांबलेले शिक्षण, निवृत्तिवेतन, आजारपण आणि बंद पडलेले कारखाने अशी त्याची अनेक कारणे आहेत. ‘करिअर अँड फॅमिली’मध्ये पुरुष हा बहुतांशी एक ठाम खांब असून स्त्रीचे अंतर त्याच्यापासून मोजले आहे. तो खांबच खचत असेल, तर ते मोजमाप अपुरे राहते.

ही वक्ररेषा आपल्या देशाला जशीच्या तशी लावणारे लेखक पाहिले म्हणजे अधिकच काळजी वाटते. १९६१ च्या जनगणनेत हंगामात रोज तासभर नियमित काम करणारी स्त्रीही कामकरी मानली गेली होती, आणि स्त्रियांचे प्रमाण सुमारे २८ टक्के आले. १९७१ मध्ये मुख्य काम कोणते, असे विचारले; ‘घरकाम’ असे उत्तर आले, आणि प्रमाण निम्म्यावर घसरले. दहा वर्षांत निम्म्या स्त्रियांनी भातलावणी सोडली होती काय? अलीकडच्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ च्या २३.३ वरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले, पुरुषांचे ७५.८ वरून ७८.८ वर. आकडा आनंदाचा आहे. परंतु काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक घरच्याच शेतात वा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत, हे कळल्यावर तो आनंद जपून करावा लागतो. त्यांतील किती जणी नव्याने कामाला लागल्या आणि किती जणी नव्याने मोजल्या गेल्या, हा प्रश्न गोल्डिनबाईंनीच आपल्याला शिकविला आहे.

आमच्या खरेदीखतांत स्त्रीच्या नावापुढे ‘धंदा : घरकाम’ असे लिहिण्याची रीत आहे, मग ती ज्या शेताचे खत करून देते, त्याच शेतात तिचा जन्म गेलेला का असेना. जनगणनेत गृहिणीला भिकारी व कैदी यांच्या पंक्तीस बसवून अनुत्पादक ठरविले, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात तीव्र नापसंती नोंदविली. मात्र त्या श्रमाची किंमत ठरविण्याची वेळ आली ती गृहिणी मरण पावल्यावर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून या दोन ग्रंथांत पहिला अधिक टिकेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुसऱ्याने एका वर्गाचे दुःख नेमके सांगितले. पहिल्याने सर्वांना लागू पडणारी चौकशीची पद्धत दिली. तिचा उपयोग आपण घराजवळच करू शकतो. आपली देवस्थाने सेवेकऱ्यांच्या याद्या ठेवतात, ज्ञातिसंस्था कुटुंबांच्या परिचयपुस्तिका काढतात. सेवा बहुधा पुरुषाच्या नावावर असते, आणि वाती वळणारे, नैवेद्याचे तांदूळ निवडणारे हात घरातील स्त्रियांचे असतात. पुढील पुस्तिका छापताना ‘व्यवसाय’ या एका शब्दाऐवजी ‘वर्षभरात काय काय काम करता?’ असा प्रश्न घालावा, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही, ज्याचा त्याला स्वतंत्र विचारावा. गोल्डिनबाईंना फिलाडेल्फियाच्या विधवा अशाच पुस्तिकांत सापडल्या होत्या. आपल्या पुस्तिकांत शंभर वर्षांनी कोणी शोधू लागला, तर त्याला काय सापडावे, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.