फादर स्टीफन्सचे गाव

‘ख्रिस्तपुराण’कार (१६१६) फादर थॉमस स्टीफन्स यांचे जन्मस्थान बुश्टन हे विल्टशरमधील क्लिफ पायपर्ड या धर्मग्रामातील खेडे. भाविकाने तेथे त्यांच्या पाऊलखुणा शोधताना सावध असावे. बुश्टनची जुनी मॅनर वास्तू १७४७ची. सेंट पीटर्स चर्चमधील कोरीव प्रवचनपीठ १६२९चे, म्हणजे स्टीफन्स निवर्तल्यानंतर दहा वर्षांचे. उरते ते बव्हंशी पंधराव्या शतकातील चर्च. तेही एकोणिसाव्या शतकात बटरफील्डने डागडुजी केलेले. मात्र आतले सर्वांत बोलके शिल्प कुणा उमरावाचे नव्हे, थॉमस स्पॅकमन (मृत्यू १७८६) या सुताराचे आहे, हत्यारांसह! संत योसेफाच्या व्यवसायबंधूला संगमरवर लाभावा, हे विलक्षणच. इंग्लंडच्या वास्तूंची ग्रंथमाला सिद्ध करणारे निकोलस पेव्हस्नर (मृत्यू १९८३) याच चर्चच्या आवारात विसावले आहेत.