० आणि १ यांच्या पुढचा धडा

संगणकाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत द्विमान पद्धतीचे प्रकरण बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. 'संगणकाला फक्त ० आणि १ समजतात' हे वाक्य, मग १३ चे ११०१ करून दाखवणे आणि तशीच आणखी दहा उदाहरणे. मुले ती बिनचूक सोडवतात, पण स्वतःचे नाव संगणकात कसे साठते, असे विचारले की गप्प होतात. दोष मुलांचा नाही. जिथे खरा विषय सुरू व्हावा तिथेच प्रकरण संपते.

'समजतात' हा शब्दच फसवा आहे. संगणकाच्या स्मृतीत असतात त्या विद्युत अवस्था. दोनच ठेवल्या की त्यांच्यात अंतर भरपूर राहते आणि थोडाफार चढउतार झाला तरी गल्लत होत नाही. द्विमान पद्धतीचे गूढ म्हणावे तर एवढेच! या अवस्थांना अर्थ येतो तो माणसांनी ठरवलेल्या संकेतामुळे. ०१०००००१ ही आठ बिटांची ओळ घ्या. संख्या मानली तर ती ६५, आस्की संकेताने वाचली तर इंग्रजीतले मोठे 'ए' आणि चित्रातला ठिपका मानला तर गडद करडी छटा.

संकेत विसरल्याची किंमत मराठीने मोजली आहे. १९९० च्या दशकातल्या अनेक फाँटांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवले, तेही प्रत्येकाने आपापल्या मर्जीने. मूळ फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. एकही बिट बिघडलेला नसतो, तरी मजकूर वाचता येत नाही. शाळांचे त्या काळातले कितीतरी वार्षिक अंक असे मुके झाले असतील. प्रमाण संकेत नव्हता असेही नाही. 'इस्की' हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला होता, पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' तंत्र त्यावरच चाले. पण छपाईवाल्यांना अक्षर कागदावर उमटण्याशी मतलब होता.

पुढे आलेल्या युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. आमच्या नाशिकचेच नाव घेऊ. ते २३४४, २३६६, २३५८, २३६७, २३२५ असे साठते: न, काना, श, पहिली वेलांटी, क. लिहिताना वेलांटी 'श'च्या आधी येते, साठवताना नंतर. कारण येथे क्रम उच्चाराचा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक संकेतांकाला तीन, म्हणजे एकूण पंधरा बाइट लागतात.

युनिकोडही टीकेपलीकडचा नाही. त्यात 'ळ' (२३५५) 'ल'च्या लगेच पुढे बसला आहे. नुसत्या क्रमांकांवर विसंबून हजेरीपट लावला तर 'मुळे' हे आडनाव 'मुसळे'च्या आधी येते. आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' 'ह'नंतर येतो. तो क्रम हवा असेल तर संगणकाला वेगळा नियम पुरवावा लागतो.

वर्गात ११०१ लिहून झाले की 'स्त्री' हे एक अक्षर फळ्यावर लिहावे आणि त्यात किती संकेतांक असतील ते विचारावे. उत्तर सहा आहे: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दुसरी वेलांटी.