जनरलचं सोंग आणि ब्रायनचे पंधरा डॉलर

बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात येतो, खोटा दम देतो आणि पसाभर धान्य घेऊन जातो. ते सोंग आहे हे त्यालाही ठाऊक असतं नि आपल्यालाही, म्हणून आपण हसतो. अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवर मी एक सोंग पाहिलं. त्याला कुणी हसत नव्हतं. लोक आदबीने उभे होते. त्या आदबीचीच इथं झडती घ्यायची आहे.

सोंग होतं जनरल रॉबर्ट लीचं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलाम बाळगणारी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली, त्यांच्या मुख्य फौजेचा हा सेनापती. १ ते ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला लढाई झाली. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून दोन्हीकडचे सुमारे ५१ हजार. ली हरला.

नट पक्का होता. राखी कोट, पांढरी दाढी, कमरेला तलवार, बटणंसुद्धा जुन्या घाटाची. आवाज दमलेल्या आजोबासारखा. तिसऱ्या दिवसाच्या चढाईचं बोलताना मान खाली घालून सगळा दोष स्वतःवर घेतो. पोरंबाळं हळहळतात. गुलामगिरीचं विचारलं, तर म्हणतो, मला ती वाईटच वाटायची.

इथंच सोंग फसवं होतं. २७ डिसेंबर १८५६ ला बायकोला लिहिलेल्या पत्रात लीने गुलामगिरीला वाईट म्हटलंय, हे खरंय. पण काळे लोक आफ्रिकेपेक्षा इथंच बरे, हा जाच त्यांना शहाणं करायला लागतोच, हेही त्याच पत्रात आहे. नटाने अर्धंच पत्र पाठ केलंय. उरलेलं कुणी बोलायचं?

१८५९ मध्ये लीच्या ताब्यातल्या आर्लिंग्टनच्या मळ्यावरून वेस्ली नॉरिस, त्याची बहीण नि एक भाऊबंद पळाले. पकडून परत आणले गेले. नॉरिसची जबानी १८६६ मध्ये छापून आली: पुरुषांना पन्नास फटके, बहिणीला वीस, ली समोर उभा. वर फोडलेल्या पाठी मिठाच्या पाण्याने धुवायला लावल्या. आणि १८६३ मध्ये याच लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिने काळ्या माणसांना, त्यांच्यातल्या स्वतंत्र माणसांनाही, धरून दक्षिणेत गुलामीत हाकललं. सोंगाच्या 'मी'मध्ये यातलं काही बसत नाही. बटणं मात्र बरोबर आहेत!

जिथं ती शेवटची चढाई फुटली, त्या सेमेटरी रिज टेकाडावर एक छोटं पांढरं घर आहे. अब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. बारा एकर रान त्याचं. फौज येतेय म्हटल्यावर जीव घेऊन पळाला. परत आला तर घर गोळ्यांनी चाळलेलं, पीक तुडवलेलं. त्याने सरकारकडे १,०२८ डॉलर भरपाई मागितली. हाती आले १५. त्याचं सोंग घेतलेला कुणी मला तिथं दिसला नाही.

हे परक्यांचं भांडण नाही, दोस्तहो. जोतीबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. हे युद्ध त्यांनी सुटलेल्या माणसाच्या बाजूने वाचलं होतं. १९१३ च्या जुलैत गेटिसबर्गला पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक जमले, कालचे वैरी गळ्यात गळे घालून रडले, अध्यक्ष विल्सन यांनी भाषण ठोकलं. त्याच वर्षी त्यांच्याच कारभारात सरकारी कचेऱ्यांतून काळे कारकून वेगळे बसवले गेले. त्याच जुलैत बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला उतरले. गोऱ्या-गोऱ्यांचा समेट झाला, त्याची किंमत काळ्यांनी भरली. लीला सभ्य, दुःखी आजोबा करणं हा त्या समेटाचाच भाग आहे. रिचमंडचा त्याचा पुतळा २०२१ मध्ये उतरवला. पुतळ्याला क्रेन लावता येते, गोड आवाजाला कशी लावणार?

म्हणून माझं म्हणणं असं. सोंग बंद करा, असं मी म्हणत नाही. ली उभा राहू दे, पण पत्र पुरतं वाचू दे. त्याच्या शेजारी नॉरिस उभा करा, ब्रायन उभा करा, आणि लोकांनी लीला प्रश्न विचारायच्या आधी या दोघांना विचारू दे. उद्या तुम्ही जलसा बसवाल, पथनाट्य कराल, तेव्हाही हेच बघा: वेश कुणाला दिलाय, नि बोलायची पाळी कुणाला आलीच नाही.