संस्थापकांची चरित्रे आणि वाण्याची वही

दिवाळीआधी माळा झाडायला काढला की आमच्या घरी दरवर्षी एक जाडजूड गठ्ठा खाली येतो आणि धूळ झटकून पुन्हा वर जातो. त्यात संस्थांचे गौरवग्रंथ असतात, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असतात आणि संस्थापकांची चरित्रे असतात. ही पुस्तके टाकवत नाहीत आणि वाचवतही नाहीत. यंदा मी हट्टाने तो गठ्ठा खालीच ठेवून घेतला आणि चकल्यांच्या वासात चार दिवस बसून तो वाचून काढला. घरच्या मंडळींना वाटले, फराळाच्या कामातून सुटण्यासाठी ही युक्ती आहे. त्यात थोडे तथ्य होते.

वाचताना जाणवले ते असे, की संस्था निरनिराळ्या असल्या तरी चरित्रनायक एकच आहे. तो गरीब घरात जन्मतो, माधुकरी मागून शिकतो, चांगल्या नोकरीवर लाथ मारतो आणि एका झोपडीत चार मुले घेऊन बसतो. लोक हसतात. पुढच्या पानावर दुमजली इमारतीचे छायाचित्र असते आणि कोनशिलेला हात लावून कोणी मंत्री उभे असतात. झोपडी आणि इमारत यांच्यामध्ये अर्धे पान असते व त्यावर ‘अनंत अडचणींना तोंड देत’ अशा अर्थाची दोन वाक्ये असतात. माझे भांडण या अर्ध्या पानाशी आहे. ज्याला उद्या स्वतः अशी संस्था काढायची आहे, त्याला हवे असते ते सगळे तिथेच दडलेले असते आणि चरित्रकार नेमका तिथेच मौन धरतो.

हे मी न्यायाधीशाच्या आसनावरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका वसतिगृहाच्या स्मरणिकेतला मुख्य लेख मीच लिहिला होता. संस्थापक हयात नव्हते. मी त्यांच्या त्यागावर सहा पाने लिहिली आणि समारंभात लोकांनी टाळ्याही वाजवल्या. नंतर संस्थापकांच्या पत्नीने मला बाजूला बोलावले. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत.

“लेख वाचला हो भाऊ. फार छान लिहिलंत. पण त्यात वाण्याचं नाव कुठं दिसलं नाही.”

“कोणते वाणी, काकू?”

“अहो, अकरा महिने त्यानं आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. पावसाळाभर तांदूळ उधार दिला. ह्यांनी नुसता त्यागच केला असता, तर पोरांनी खाल्लं काय असतं?”

मला उत्तर सुचले नाही. वाण्याची हकिकत मला खरोखरच ठाऊक नव्हती. पण संस्थापकांशी मतभेद होऊन निघून गेलेल्या दोन शिक्षकांची ठाऊक होती, आणि समारंभाला गालबोट नको म्हणून ती मी समजून-उमजून गाळली होती. म्हणजे अर्धे पान मीही लिहिलेच होते.

या गोष्टीनंतर कार्ल्याला जाणे झाले. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे कितीतरी वाचक शेजारच्या चैत्यगृहात डोकावून येत असतील. तिथल्या खांबांवर आणि दरवाज्याजवळ जी ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत, ती एका मोठ्या संस्थेची देणगीदारांची यादीच आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह आपण पूर्ण केले, जंबुद्वीपात असे उत्तम दुसरे नाही, असे सांगतो. आता भूतपाल हा आपल्या भाषेत संस्थापक झाला. त्याने थोडी बढाई मारली आहे खरी, पण ती क्षम्य आहे. वास्तू खरोखरच तशी आहे. मात्र त्याच्या नावापाशी यादी संपत नाही. धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब त्यांच्या नावानिशी उभे आहेत. सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दारासाठी दान दिले, ते नोंदले आहे. आणि दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव तिथे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या एका डोंगरात ज्यांना हे सुचले, त्यांच्यापुढे आपल्या गुळगुळीत कागदावरच्या स्मरणिका मला फार दरिद्री वाटल्या. सुताराला तिथे दगडात जागा मिळाली, आणि माझ्या लेखात वाण्याला शाईतसुद्धा मिळाली नाही!

कार्ल्याहून पुण्याच्या बाजूला थोडे आले की तळेगाव दाभाडे लागते. गेल्या शतकाच्या आरंभी तिथे जे घडले, त्याला मी महाराष्ट्रातला संस्थापनेचा सर्वांत धाडसी प्रयोग मानतो. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना ऐकायला पोरकट होती: माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. पैसाफंड तो हाच. लोकमान्य टिळकांचे पाठबळ मिळाले आणि १९०८ साली तळेगावात पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले व्यवस्थापक.

आता जरा पाटीवर आकडा मांडा. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होते. म्हणजे हजार रुपयांसाठी चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरायचा. लाखासाठी चौसष्ट लाख माणसांपुढे. एखाद्या शेठजींच्या दिवाणखान्यात एका संध्याकाळी जे काम झाले असते, त्यासाठी काळे गावोगाव फिरले. पैशाची पावती द्यायची तर कागदाला आणि शाईला खर्च, न द्यावी तर विश्वासाचा प्रश्न. हिशेबनीस म्हणेल, हा धंदा बुडीत आहे. हिशेबनिसाचे चुकते ते एवढेच, की पैसा देणारा माणूस नंतर बाजारात कंदिलाची काच घ्यायला जातो, तेव्हा परदेशी काच आणि तळेगावची काच यांत त्याची निवड आधीच झालेली असते. काळे वर्गणी गोळा करत होते, तसेच गिऱ्हाईकही गोळा करत होते. अलीकडे ‘सामाजिक उद्योग’ या नव्या नावाने जे मोठ्या उत्साहाने शिकवले जाते, त्याची पहिली इयत्ता मला इथे दिसते.

आणि काच हा उद्योग तरी कसला! वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवायचा, तर भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. सूतगिरणी रात्री बंद करून सकाळी चालू करता येते. काचेच्या भट्टीचे तसे नाही. ती थंड पडू दिली तर मुशी तडकतात आणि पुन्हा तापवायला नव्याने खर्च पडतो. कोळसा संपला म्हणून चार दिवस थांबू, असे म्हणता येत नाही. पैसा-पैसा करून जमवलेल्या निधीवर ही भूक भागवायची, तीही अशा वर्षी, की ज्या वर्षी खुद्द टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कारखान्याने नुसती काच विकली नाही, काम शिकवलेही. तिथे तयार झालेली माणसे पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. एवढे सगळे असूनही आपल्या मनात काळ्यांविषयी उरले आहे काय? एक आडनाव आणि त्याला चिकटलेला पैसा. माधुकरी आणि झोपडी नसल्यामुळे ते चरित्रनायकाच्या साच्यात बसत नाहीत, असा माझा संशय आहे.

त्याच तळेगावाशी अण्णासाहेब विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयाचे नाव जोडलेले आहे. १९०६ साली कोल्हापुरात निघालेली ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा पुढे तळेगावी आली आणि १९१० साली सरकारने ती बंद पाडली. ‘विश्ववृत्ता’तल्या एका लेखापायी विजापूरकरांना तुरुंगवास झाला आणि त्यांचे तरुण सहकारी वामन मल्हार जोशी यांनाही. वामनराव सुटून आले आणि १९१५ साली त्यांची ‘रागिणी’ प्रसिद्ध झाली. वामनरावांविषयी मला नितांत आदर आहे. मराठी कादंबरीला विचार करायला त्यांनी शिकवले. तरी एक तक्रार करतोच. ज्या माणसाने ध्येयवादी संस्थेची ओढाताण आतून पाहिली आणि तिच्यापायी तुरुंग भोगला, त्याच्या कादंबरीत माणसे तत्त्वांवर इतका सुंदर वाद घालतात आणि या मंडळींचे दाणापाणी कुठून येते, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही. तो अनुभव वामनरावांनी लिहिला असता तर झोपडी आणि इमारत यांच्यामधले अर्धे पान मराठीत तेव्हाच भरून निघाले असते.

योगायोग असा, की त्याच १९१५ साली धोंडो केशव कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ निघाले. त्यात भाषेचा फुलोरा नाही. अण्णा कोरडे लिहितात, हिशेबाच्या वहीसारखे लिहितात, आणि म्हणूनच ते पुस्तक टिकले, असे माझे मत आहे. वर्गणीसाठी कुठे गेलो, काय हाती लागले, कुठे चुकलो, हे त्यात सापडते. आणि जे त्यात नाही ते बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराणा’त सापडते. हे पुस्तक १९४४ सालचे. संस्थापकाने सर्वस्व संस्थेला द्यायचे ठरवले, की त्या सर्वस्वात त्याची बायको आणि मुलेही येतात. त्यांना विचारलेले असतेच असे नाही. बाया हे रडून सांगत नाहीत, फणकाऱ्याने सांगतात. नवराबायकोची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकाने दुसऱ्याची किंमत कमी होत नाही. थोर पुरुषाच्या घरातली कुरबुर छापल्याने त्याचे थोरपण उणावते, या भीतीवर तर आपल्या निम्म्या गौरवग्रंथांची उभारणी झाली आहे.

लोणावळ्याचे उदाहरण वेगळ्या तऱ्हेचे आहे. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली तिथे कैवल्यधाम स्थापन केले. २०२४ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. स्वामीजींविषयी बोलताना लोक त्यांच्या तेजाविषयी आणि ब्रह्मचर्याविषयी बोलतात. मला त्यांचे खरे चरित्र दिसते ते ‘योगमीमांसा’ या त्यांच्या इंग्रजी त्रैमासिकात. उड्डियान आणि नौली करताना शरीरात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरण लावून आणि दाब मोजून पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे आकड्यांनी दाखवले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. गुरुभक्ती आणि मोजपट्टी एकाच ओळीत! शिष्याने गुरूची पोथी डोळे मिटून वाचली असती तर आश्रमांत आणखी एका आश्रमाची भर पडली असती. लोणावळ्याला जगातून माणसे आली ती त्या मोजपट्टीमुळे.

काकूंचे बोलणे मात्र माझ्या मनातून गेले नव्हते. गठ्ठा वाचून संपल्यावर मी त्या वाण्याचे दुकान शोधत गेलो. मूळचे वाणी केव्हाच वारले होते. गल्ल्यावर नातू होता. लक्ष्मीपूजन दोन दिवसांवर आल्याने नव्या वहीची लाल बांधणी समोरच ठेवलेली. जुन्या वह्यांचे विचारले तर तो हसला आणि म्हणाला, “काका, त्या कधीच रद्दीत गेल्या.” मग काय वाटले कोणास ठाऊक, आत जाऊन आईला विचारून आला. देवघराच्या फडताळात एक वही राहिली होती. आजोबांच्या हातची शेवटची, म्हणून.

वसतिगृहाचे खाते सतराव्या पानावर निघाले. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, रॉकेल, पुन्हा तांदूळ. आषाढात तांदळाच्या ओळी दाट झाल्या होत्या. उजवीकडे नावे टाकलेल्या रकमा होत्या आणि डावीकडची जमेची बाजू पान उलटले तरी कोरीच होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक आडवी रेघ होती, आणि तिच्याखाली त्याच अक्षरात, बहुधा त्या दिवाळीला, लिहिले होते: ‘शाळेची पोरे. मागू नये.’

मी नातवाकडून कागद मागून घेतला आणि ते पान तिथेच उभ्याने उतरवून घेतले.